मुलुंडचा वन बीएचके पहिल्यांदाच भाड्याने देतेय

एजंट म्हणतो, अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की झालं. खरं का?

— अजिबात नाही, ताई! आपल्याकडे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करारही लेखी आणि रजिस्टर्डच लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५. जबाबदारी मालकाची, एजंट नामानिराळा. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत.

— सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावेल, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात तो आकार. सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांवर एक रुपया देऊ नका. आमचे सेक्रेटरी या मर्यादेचा जीआर (शासन निर्णय) दाखवल्यावरच गप्प बसले.

— भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा, ऑनलाइन होतं. चावी देताना मीटरचा फोटो काढा. आणि हो, गीझर चालतोय ना?