विझ एअरने 88 विमानं पुढे ढकलली: बरोबर केलं का?

ताळेबंद:
हंगेरीच्या विझ एअर या स्वस्त विमानकंपनीने नोव्हेंबर 2025 मध्ये एअरबसशी बोलून 88 विमानांची डिलिव्हरी 2033 पर्यंत लांबवली. लांब पल्ल्याच्या 47 ए321एक्सएलआरपैकी 11 च ठेवली, बाकीची साधी ए321निओ करून घेतली. माझ्या मते याला उशीरच झाला. मार्च 2025 ला संपलेल्या वर्षात परिचालन नफा सुमारे 44 कोटी युरोंवरून 17 कोटींवर आला होता.

हिशेब करून बघा. एका मार्गावर रोज दोन फेऱ्या, 239 आसनं, सरासरी 215 प्रवासी. तिसरी फेरी भरायला सरासरी तिकीट 5 युरोंनी उतरवावं लागलं, तर जुन्या दोन फेऱ्यांवरच दिवसाला 2,150 युरो गेले. नव्या विमानाने आधी हा खड्डा भरायचा, मग स्वतःचं भाडं, इंधन, विमानतळ शुल्क. त्यात तळ (विमानं आणि कर्मचारी कायम ठेवण्याचा विमानतळ) नवा असेल तर मार्ग रुळायला दोन-तीन वर्षं जातात.

इंधनटाकी:
साफ असहमत. स्वस्त कंपनीचा खर्च कमी राहतो तोच वाढीमुळे. निओ, म्हणजे नव्या इंजिनांचं विमान, जुन्या ए320पेक्षा 15 ते 20 टक्के कमी इंधन पितं. नवी विमानं थांबवलीत की जुन्यांची लीज वाढवा, बारा वर्षांची मोठी तपासणी अंगावर घ्या. शिवाय घाऊक सवलतीत घेतलेलं विमान मिळाल्या दिवशीच भाडेकंपनीला चढ्या दराने विकून परत भाड्याने घेतात. त्यातला फरक आणि रोकड, दोन्ही आता आटणार.

ताळेबंद:
तो फरक म्हणजे पुढच्या दहा-बारा वर्षांच्या चढ्या भाड्यातून आजच काढलेली उचल आहे. तिला नफा म्हणू नका.

हँगर तीन:
दोघांनीही इंजिन बाजूला ठेवलंय, आणि खरं दुखणं तिथेच आहे. विझच्या निओंना असलेल्या प्रॅट अँड व्हिटनीच्या जीटीएफ इंजिनांच्या काही फिरत्या चकत्यांत धातूच्या भुकटीतच दोष निघाला, हे 2023 मध्ये जाहीर झालं. इंजिन उतरवायचं, उलगडायचं, चकत्यांची अल्ट्रासोनिक तपासणी करायची. प्रत्यक्ष कामापेक्षा रांग आणि सुटे भागच वेळ खातात: एका इंजिनाला 250 ते 300 दिवस. विझची एका टप्प्यावर चाळीसच्या आसपास विमानं उभी होती. इंजिन काढलं की पंखाखाली तोल राखायला वजनं टांगावी लागतात, आणि अशा विमानाचंही भाडं, पार्किंग, देखभाल चालूच. ही विमानं 2027 अखेरपर्यंत परत उडणार. म्हणजे एकही नवं विमान न घेता क्षमता वाढणारच आहे. वर ठरल्याप्रमाणे नवीही आली असती, तर हिवाळ्यातल्या मंगळवारी ती उडवायची कुठे?

इंधनटाकी:
परतणाऱ्या विमानांचा मुद्दा मान्य. अबू धाबीचा तळ सप्टेंबर 2025 पासून बंद केला, तेही पटतं. त्या उन्हात आणि धुळीत जीटीएफ लवकर झिजतं. पण डिलिव्हरी लांबवणं फुकट नसतं. करारातल्या सूत्राने विमानाची किंमत दरवर्षी चढते. एअरबसच्या उत्पादनातला सोडलेला स्लॉट पुन्हा हवा तेव्हा मिळत नाही, आणि मागणी सुधारली तर बाजारातली ती जागा प्रतिस्पर्धी स्वस्त कंपनी रायनएअर घेईल.

ताळेबंद:
घेऊ दे. रायनएअरचा प्रति आसन खर्च विझपेक्षा कमी आहे, त्यामुळे तोट्यातल्या मार्गावर ती जास्त काळ तग धरेल. तिथे विझने नवी विमानं ओतत राहणं हीच सर्वांत महाग चूक ठरली असती. वाढ थांबवलेली नाहीच, वीस टक्क्यांवरून 10-12 टक्क्यांवर आणलीय.

हँगर तीन:
10-12 सुद्धा मला जास्त वाटते. उभं असलेलं शेवटचं विमान उडेपर्यंत पाचच्या वर जाऊ नये.