आवळा, पेरू की ब्लूबेरी? अँटिऑक्सिडंटच्या तक्त्यांवर कितपत विसंबावे?

माजघर (प्रश्न):

नमस्कार. डॉक्टरांनी सासूबाईंना आहारात फळे आणि भाज्या वाढवायला सांगितल्यापासून आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर रोज एक नवा तक्ता येऊ लागला आहे. एका तक्त्यात ब्लूबेरी अव्वल असते, दुसऱ्यात आवळा, तर तिसऱ्यात चक्क लवंग. आवळ्यातील क जीवनसत्त्वाचा आकडाही एका ठिकाणी १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम आणि दुसऱ्या ठिकाणी २५० च्या आसपास दिलेला आहे. धाकटे दीर ब्लूबेरीच्या महागड्या डब्या आणू म्हणतात आणि सासूबाईंना तो निव्वळ उधळेपणा वाटतो. आकड्यांत एवढी तफावत का असते, परदेशी बेरींवर खर्च करण्याजोगे त्यांत खरोखर काही आहे का, आणि भाज्या कच्च्या खाव्यात की शिजवून, हे जाणकारांनी सांगावे. सासूबाईंना कवळी असल्यामुळे कच्चे फारसे चावत नाही.

तराजू:

आपण पाहिलेल्या तक्त्यांत दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली दिसते. क जीवनसत्त्व हे एक ठरावीक रसायन आहे आणि ते मिलिग्रॅममध्ये मोजता येते. तरीही आकडे बदलतात, कारण फळाची जात, ते किती पिकलेले होते, तोडून किती दिवस झाले आणि कोणत्या पद्धतीने मोजले, या सगळ्यांचा परिणाम होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात आवळ्यापुढे ६०० हा आकडा होता. त्याच संस्थेने देशाच्या निरनिराळ्या भागांतून नमुने गोळा करून २०१७ मध्ये ५२८ खाद्यपदार्थांचे जे नवे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत तो २५० च्या घरात आला. व्यवहारात याने फारसे बिघडत नाही. याच संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते, म्हणजे कमी आकडा धरला तरी एका बऱ्यापैकी मोठ्या आवळ्यात दिवसाची गरज भागते. पेरूत १०० ग्रॅमला दोनशेहून अधिक, संत्र्यात पन्नासच्या आसपास आणि सफरचंदात जेमतेम पाच मिलिग्रॅम असते. (आजाऱ्याला भेटायला जाताना आपण पेरू सोडून सफरचंदेच का नेतो, हे मला न सुटलेले कोडे आहे.)

लवंग पहिली आणणारा तक्ता बहुधा ‘अँटिऑक्सिडंट क्षमते’चा असावा. ही क्षमता परीक्षानळीत मोजतात: पदार्थाचा अर्क मुक्त कणांचा (पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंचा) मारा कितपत थोपवतो, हे पाहून गुण दिले जातात. पोटात गेल्यावर त्या द्रव्यांपैकी किती शोषली जातात आणि यकृतात त्यांचे काय होते, याचा त्या गुणांत हिशेबच नसतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा गुणांची यादी अनेक वर्षे संकेतस्थळावर ठेवली होती; उत्पादक जाहिरातींसाठी तिचा गैरवापर करतात आणि शरीरातील परिणामाशी त्या गुणांचा संबंध दाखवता येत नाही, असे कारण देऊन २०१२ मध्ये ती काढून टाकण्यात आली. शिवाय तुलना १०० ग्रॅमवर केली की मसाले वर येणारच. १०० ग्रॅम लवंगा कोणी खात नाही.

परसबाग:

ब्लूबेरीपुरते लिहितो. तिचा निळा-जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा असतो आणि याच कुळातील द्रव्ये जांभूळ, करवंद, काळी द्राक्षे, कोकम आणि जांभळा कोबी यांतही असतात. जांभूळ खाल्ल्यावर जीभ रंगते, ती त्यांच्यामुळेच. ब्लूबेरी वाईट नाही, पण हंगामात जांभळे मिळत असताना तिच्यासाठी पदरमोड करण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र बाजारातील कोकम सरबतात साखर किती आहे, ते बाटलीवर वाचूनच घ्यावे.

फोडणी:

कच्चे की शिजवलेले, याला सर्व भाज्यांसाठी एकच उत्तर नाही. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, उष्णतेने आणि हवेने नष्ट होते. बीटा-कॅरोटिन (शरीरात याचेच अ जीवनसत्त्व होते) आणि लायकोपिन ही रंगद्रव्ये तेलात विरघळतात आणि शिजवल्यावर उलट अधिक उपयोगी पडतात. गाजराच्या पेशींच्या भिंतींत अडकलेले कॅरोटिन मऊ शिजवून थोडे तूप-तेल घातले की सुटे होते. टोमॅटोचेही तसेच असल्यामुळे त्याची तेलावर परतलेली चटणी कोशिंबिरीपेक्षा लायकोपिनच्या बाबतीत सरस ठरते. कवळी असलेल्या व्यक्तीला ही गोष्ट सोयीचीच आहे. लाल भोपळा, गाजर आणि शेवग्याचा पाला शिजवून खाल्ल्याने त्यांना अ जीवनसत्त्वाच्या बाबतीत काहीही गमवावे लागणार नाही.

क जीवनसत्त्वासाठी मात्र हात जरा आवरता घ्यावा लागतो. कोबी चिरून धुतला, भरपूर पाण्यात उकडला आणि ते पाणी ओतून दिले, तर बरेचसे जीवनसत्त्व मोरीत जाते. म्हणून आधी धुवावे, मग चिरावे आणि झाकणावर पाणी ठेवून अंगच्या वाफेवर शिजवावे. पालक हिरवागार राहावा म्हणून चिमूटभर सोडा घालण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण अल्कधर्मी पाण्यात हे जीवनसत्त्व लवकर नष्ट होते. (अळूची गोष्ट वेगळी. त्यातील घसा खाजवणाऱ्या ऑक्झलेटमुळे ते नीट शिजवणे भागच असते.)

चिरल्याबरोबर काय घडते, हे वांग्यावर डोळ्यांनी पाहता येते. फोडी करताच त्यातील क्लोरोजेनिक आम्ल या अँटिऑक्सिडंट द्रव्याची विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने हवेशी क्रिया सुरू होते आणि पांढरा गर काही मिनिटांत तपकिरी होतो. पाण्यात टाकलेल्या फोडींना हवा कमी लागत असल्यामुळे त्या पांढऱ्या राहतात, पण तासभर बुडवून ठेवल्यास विरघळणारे घटक पाण्यात उतरतात. यास्तव कढई तापल्यावरच वांगी चिरावीत.

पोह्यांवर लिंबू गॅस बंद केल्यावर पिळावे. क जीवनसत्त्वामुळे पोह्यांतील लोह अधिक शोषले जाते. मात्र त्याच बैठकीत चहा घेतल्यास त्यातील टॅनिन हा फायदा बराचसा खाऊन टाकते.

माजघर:

सर्वांचे आभार. आणखी दोन गोष्टी विचारते. दीर आता अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांविषयी बोलू लागले आहेत. आणि सासूबाईंना रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे; त्यामुळे काही फरक पडतो का?

तराजू:

रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे नाव आधी पाहावे. ती वॉरफेरिन किंवा त्याच प्रकारची असेल, तर पालक, मेथी, शेवग्याचा पाला, कोथिंबीर यांतील के जीवनसत्त्व तिच्या परिणामाच्या विरुद्ध काम करते. म्हणून पालेभाज्या बंद करायच्या नसतात, पण त्यांचे प्रमाण आठवड्यागणिक साधारण सारखे ठेवावे लागते. आज वाटीभर आणि पुढे महिनाभर काहीच नाही, असे झाल्यास रक्ताच्या तपासणीचा आकडा वरखाली होतो. आहार वाढवण्याचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांनाच हे विचारून पालेभाज्यांचे प्रमाण ठरवावे. नव्या प्रकारच्या काही गोळ्यांना हे पथ्य नसते.

अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुळीच घेऊ नयेत. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटिनची चाचणी झाली. फुप्फुसाचा कर्करोग टळेल या अपेक्षेने ती हाती घेतली होती; १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा गोळी घेणाऱ्यांत तो कर्करोग अधिक आढळला. अमेरिकेतील अशीच एक चाचणी १९९६ मध्ये याच कारणाने मुदतीआधी थांबवावी लागली. गाजरातून मिळणाऱ्या कॅरोटिनला हे लागू होत नाही, कारण त्या गोळ्यांतील मात्रा रोजच्या आहारातून मिळणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट असते.

आवळ्याची कँडी घेणार असाल तर ती गोड खाऊ म्हणूनच घ्यावी. त्याऐवजी हंगामात आवळे किसून लहान पुड्यांत फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि चमचाभर कीस ऐन जेवणाच्या वेळी दह्यात किंवा वरणात मिसळावा. कीस बारीक असल्यामुळे कवळीचाही अडसर येणार नाही.