मदत हवी आहे : 'हिल स्ट्रीट ब्लूज' घरी सगळ्यांबरोबर बघता येईल का?

आम्ही ठाण्यात, घोडबंदर रोडला राहतो. वन बीएचके, टीव्ही एकच. त्यामुळे 'मुलगी झोपल्यावर बघा' हा सल्ला कृपया नको. लेक अकरा वर्षांची, सासूबाई बहात्तरच्या. दोघी 'सीआयडी'च्या पक्क्या भक्त, म्हणून १९८१ ची ही अमेरिकन पोलीस मालिका सुरू करावी असं मनात आहे. मित्राकडून डीव्हीडीचा संच मिळालाय.

पहिले दोन भाग आधी एकटीने पाहिले. सकाळच्या हजेरीचा प्रसंग फार आवडला. पण पहिल्याच भागाच्या शेवटी गस्तीवरच्या दोन पोलिसांना अचानक गोळ्या घालतात, तिथे मीच दचकले. रक्तापेक्षा ते अनपेक्षित असणं जास्त लागतं. वयाचं रेटिंग शोधलं, पण अमेरिकेत टीव्हीची ती पद्धतच १९९७ पासूनची, म्हणजे मूळ प्रसारणाच्या वेळचं काही मिळणार नाही. नको ते प्रसंग पुढे ढकलून पाहिले, तर कथेचा धागाच सुटतो. एक गोष्ट चार-चार भाग चालते. सासूबाईंना मी शेजारी बसून मराठीत सांगते, त्यामुळे शिव्यांची चिंता नाही (त्या मी गाळते!).

एकूण १४६ भाग आहेत, सगळे आधी तपासणं शक्य नाही. ज्यांनी पूर्ण पाहिली आहे त्यांना विचारते: हिंसा आणि शयनगृहातले प्रसंग पुढच्या सीझनमध्ये वाढतात की पहिल्याइतकेच राहतात? आणि मुलीसोबत बघताना नेमके कोणते भाग टाळावेत?