मॅट ल टिसिए: साउदॅम्प्टन न सोडून त्याने स्वतःचं नुकसान केलं का?

कॉर्नरफ्लॅग: १९८६ ते २००२, इंग्लिश फुटबॉलपटू ल टिसिएची सगळी व्यावसायिक कारकीर्द साउदॅम्प्टन या छोट्या क्लबमध्ये गेली. ५४० सामने, २०९ गोल. प्रीमियर लीगमध्ये १०० गोल करणारा पहिला मिडफिल्डर. आणि करंडक? एकही नाही. इंग्लंडकडून जेमतेम ८ सामने. १९९० मध्ये टॉटनहॅमकडे जाणं जवळजवळ ठरलं होतं, यानेच माघार घेतली. माझ्या मते एवढं कसब त्याने वाया घालवलं.

थ्रो_इन: वाया? १९९३-९४ चा हंगाम बघा. संघ गटांगळ्या खात होता आणि या माणसाने लीगमध्ये २५ गोल मारले. शेवटच्या दिवशी वेस्ट हॅमशी ३-३ बरोबरी झाली, त्यात दोन याचे, आणि क्लब खालच्या लीगमध्ये घसरण्यापासून वाचला. त्याच हंगामात न्यूकॅसलविरुद्धचा गोल आठवा. चेंडू मागे पडलाय, हा पळता पळता टाचेने तो पुढे घेतो, एकाला चकवतो, दुसऱ्याच्या डोक्यावरून उचलतो आणि गोलकीपरच्या बाजूने जाळ्यात. नवा मॅनेजर अ‍ॅलन बॉल जानेवारीत आला आणि त्याने अख्खा संघच याच्याभोवती उभा केला. ही मोकळीक मोठ्या क्लबात कोण देतं?

कॉर्नरफ्लॅग: गोल अप्रतिम, वादच नाही. पण स्ट्रायकर अ‍ॅलन शिअररही साउदॅम्प्टनचाच ना? तो १९९२ मध्ये ब्लॅकबर्नला गेला, १९९५ मध्ये लीग जिंकला, इंग्लंडकडून ६३ सामने खेळला. दोघांची सुरुवात एकाच मैदानावर झाली. फरक एका निर्णयाचा आहे.

बॅकहील: इंग्लंडचा दोष त्याच्या माथी मारू नका. एप्रिल १९९८ मध्ये इंग्लंड ‘ब’ (दुसऱ्या फळीच्या संघा)कडून रशियाविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली, तरी इंग्लंडचा मॅनेजर हॉडलने त्याला विश्वचषकाला नेलं नाही. ४८ पेनल्टींपैकी ४७ गोलात घालणारा माणूस घरी बसला, आणि अर्जेंटिनाविरुद्ध इंग्लंड पेनल्टी शूटआउटमध्येच हरलं! हे आजही पचत नाही.

कॉर्नरफ्लॅग: माझं म्हणणं तेच आहे. मँचेस्टर युनायटेडच्या शर्टात असता तर हॉडलची वगळायची हिंमत झाली असती का? छोट्या क्लबच्या खेळाडूला वगळलं तर बोंब कोण मारणार?

थ्रो_इन: मग चूक निवडणाऱ्यांची, त्याची कशी? १९ मे २००१, साउदॅम्प्टनच्या ‘द डेल’ या घरच्या मैदानावरचा शेवटचा लीग सामना, समोर आर्सेनल. दुखापतींनी बेजार झालेला हा बदली म्हणून उतरला आणि शेवटच्या मिनिटांत डाव्या पायाने गोल मारून ३-२ ने जिंकून दिलं. तिथले लोक त्याला देव म्हणतात. लीगचं पदक मिळवणारे शेकड्याने सापडतील. असं प्रेम मिळालेले किती, सांगा.

कॉर्नरफ्लॅग: प्रेम मान्य. तरीही १९९० चा तो निर्णय मला चुकीचाच वाटतो. असा खेळाडू युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या स्पर्धांमध्ये, त्या युरोपियन रात्रींमध्ये बघायला मिळायला हवा होता.