४०० ची बीआरएम अतीतला सोडली, आता ६०० ला जावं का?

वारणाकाठ

नमस्कार. मी कोल्हापूरची, वय ४६, नोकरी बँकेत. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. या हंगामात २०० आणि ३०० किलोमीटरच्या वेळेत झाल्या. फेब्रुवारीतली ४०० मात्र साताऱ्याजवळच्या अतीत गावी सोडावी लागली. ६०० महिन्यावर आली आहे आणि माझं काही ठरत नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रस्ता आपला नेहमीचा पुणे हायवे. कोल्हापूरहून सकाळी सहाला निघायचं आणि कापूरहोळच्या पुढून परत. साताऱ्यापर्यंत छान चाललं होतं. दुपारी वेळे ते शिरवळ ऊन असं काही लागलं की बाटलीतलं पाणी चहाइतकं गरम झालं. तिथून पोट बिघडत गेलं. चिक्की तोंडात धरवेना, खजूर बघवेना.

परतीचा खंबाटकी घाट अंधारात चढले. भरलेले ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत होते, क्लच जळल्याचा वास येत होता आणि माझा वेग जवळपास त्यांच्याच बरोबरीचा. एका ट्रकचा क्लीनर खिडकीतून हात काढून बराच वेळ "चला ताई, आलाच माथा" म्हणत राहिला. माथ्यावर पोचले तेव्हा पोट दुखत असूनही मी जितकी आनंदात होते तितकी गेल्या कित्येक महिन्यांत नव्हते.

सातारा सोडल्यावर सगळं पालटलं. उसाच्या जोडट्रॉल्या, मागे दिवा नाही, गाणी एवढ्या मोठ्याने की मागची गाडी ऐकू येत नाही. पांढऱ्या पट्टीच्या बाहेर जावं तर फुटलेल्या टायरच्या बारीक तारा. त्यातली एक घुसलीच. पंक्चर काढताना कळलं की डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर आहे, टायरची कड रिमवर चढवायला जोरच लागेना. अतीतच्या कंट्रोलवर (मुदतीत पोचल्याची नोंद होते ते ठिकाण) कार्डावर सही घेतली तेव्हा रात्रीचा सव्वा वाजला होता, मुदत दोनची. तिथे उलटी झाली. खुर्चीत बसले ती परत सायकलवर बसले नाही. मिस्टर गाडी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमटी-भात जेवून मी ठणठणीत. हेच मला जास्त छळतंय. शंभरच किलोमीटर उरले होते आणि सकाळी नऊपर्यंत वेळ होता.

६०० ला जावं, की आधी ४०० पुन्हा करावी? आणि रात्री मन "सोड" म्हणतं, तेव्हा तो नुसता थकवा आहे की शरीर खरंच काही सांगतंय, हे ओळखता कसं?

घाटरस्ता

ताई, पोट उलटतंय, ब्रेकवर बोटं नाहीत आणि हायवेला उसाच्या ट्रॉल्या. अशा वेळी उरलेले किलोमीटर मोजायचेच नसतात. तुम्ही बरोबर केलंत.

पोटाचं बघा. उन्हात पाय चालू असताना रक्त स्नायूंकडे आणि कातडीकडे जातं, आतड्याच्या वाट्याला कमी येतं. त्यात चिक्की-खजुरासारखं घट्ट गोड गेलं की ते पचत नाही, पडून राहतं. मळमळ सुरू झाली की आणखी ढकलून उपयोग नाही. सावलीत थांबा, मानेवर आणि मनगटांवर पाणी ओता, इलेक्ट्रॉल पातळ करून घोट घोट घ्या, मग दहीभात किंवा मीठ घातलेली पेज. अर्धा तास जातो, पण दुपारीच जातो. तोच अर्धा तास न दिल्याने रात्र जाते, असं मी पुष्कळांचं पाहिलंय.

करंगळीची नस तळहाताच्या बुडाशी, कडेला असते आणि हँडलवर नेमका तिथेच भार येतो. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळं वजन हातांवर. आधी ते तपासा. हँडल थोडं वर घ्या, पकड सतत बदलत राहा. बधिरपणा अजून असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

आता मनाचं. माझा नियम असा की खाल्ल्याशिवाय आणि जरा आडवं झाल्याशिवाय सोडायचा निर्णय घ्यायचा नाही. पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, त्या वेळेला कोणालाही सगळं व्यर्थ वाटतं. काहीतरी खारट खा, पेट्रोल पंपावर वीस मिनिटांचा गजर लावून झोपा. उठल्यावर दुःख गेलं तर तो थकवा होता. पण उठल्यावरही गुडघा त्याच जागी टोचतोय, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही किंवा ब्रेक दाबता येत नाही, तर विषय तिथेच संपला.

आधी ४०० करा, असं माझं मत. सुपर रँडोनियर या किताबासाठी २०० ते ६०० ही चारही अंतरं एकाच हंगामात लागतात, क्रम कसाही चालतो आणि हंगाम ऑक्टोबरअखेरपर्यंत आहे. पोटाचं गणित न सोडवता ४० तासांच्या राइडला जाऊ नये.

मिरजेचा_सायकलवाला

दादांशी अर्धा असहमत. पोट आणि हात सांभाळायलाच हवेत, पण माझ्या मते ४०० ही ६०० पेक्षा अवघड. २७ तासांत धड झोपायला वेळ नाही आणि रात्र पूर्ण अंगावर येते. ६०० मध्ये झोप बसवता येते. सकाळी सहाला निघून मध्यरात्री ३५० ला पोचलात तर तिथली मुदत पहाटे ५:२० ची. लॉजवर तीन-चार तास झोपून माणूस नव्याने निघतो. महिनोन्महिने थांबून उत्साह ओसरू देऊ नका. आणि टायरच्या तारांसाठी छोटा चिमटा जवळ ठेवा, नखांनी त्या निघत नाहीत.

कृष्णामाई

वारणाकाठ, बाई म्हणून एक सांगते. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (त्यावरून लोहाचा साठा कळतो) तपासून घे. आपल्या वयात पाळी कमी-जास्त होते, लोहाचा साठा संपत येतो आणि हिमोग्लोबिन तरी ठीक दिसतं. माझं तसंच झालं होतं, चढावर धाप लागायची आणि मी सराव वाढवत बसले होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घेतल्यावर फरक पडला. मिस्टरांना बोलावलंस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

वारणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सीट लेव्हल लावून पाहिली, नाक खरंच झुकलेलं निघालं. बोटं आता मोकळी आहेत. रक्त उद्या देते.

मिरजकर, तुमचं झोपेचं गणित पटलं, पण मार्चअखेरीच्या दोन दुपारी माझं पोट झेपवेल असं आज मला वाटत नाही. ६०० चं नाव मागे घेते आणि पावसाळ्यातली ४०० धरते. तोवर दर रविवारी दुपारी बाराला मुद्दाम निघून पन्हाळा करीन, दहीभात बरोबर घेऊन. कोल्हापुरातून उन्हात सोबत यायला कोणी तयार असेल तर कळवा, वेग कमी ठेवणार आहे.