स्मिता पाटील: डोळे सोडून बाकीचं सांगा ना कुणीतरी

तापीकाठची:

नमस्कार मंडळी. माझं माहेर शिरपूरकडचं, त्यामुळे स्मिता पाटील म्हणजे "आपल्या शिवाजीराव पाटलांची पोर" हे लहानपणापासून कानावर पडलेलं, आजी तर असं बोलायची की जणू आमच्या भाऊबंदकीतलीच. पण खरं सांगते, मी तिचे सिनेमे धड बघितलेच नव्हते. माझा जन्म १९८८ चा, म्हणजे ती जाऊन दोन वर्षं झाल्यावरचा. नमक हलालमधलं आज रपट जाएं गाणं आणि अर्थमधले दोनचार सीन, एवढीच ओळख.

गेल्या आठवड्यात लेकीला ताप होता म्हणून सुट्टी घेतली होती, रात्री ती झोपल्यावर सहज स्मिताचा उंबरठा सिनेमा लावला आणि मग उठताच आलं नाही. सुलभा, म्हणजे स्मिता, महिलाश्रमातली नोकरी धरून घर सोडून जाते, मुलगी जावेजवळ राहते, आणि ती परत येते तेव्हा त्या घरात तिची जागाच उरलेली नसते. माझ्या घरी सगळे समजूतदार आहेत, नवरा डबा सुद्धा भरून देतो, तरी पण पोरीच्या अंगावर हात ठेवून मी तो सिनेमा बघत होते आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं ते सकाळपर्यंत गेलं नाही.

आता प्रश्न असा की नेटवर जिथे बघावं तिथे तेच, बोलके डोळे, सावळं सौंदर्य, अकाली एक्झिट. दहा लेख वाचले, दहाही सारखेच. मला वाटतं डोळे कितीतरी जणींचे सुंदर असतात हो, मग हिच्यात नक्की काय होतं की ४० वर्षांनी सुद्धा मला झोप लागू नये? ज्यांनी तिला त्या काळात बघितलंय त्यांनी प्लीज सांगा. आणि पुढे काय बघू तेही.

जुना प्रेक्षक, गिरगाव:

ताई, मी तिला सिनेमाच्या आधी बघितलंय, बातम्यांमध्ये. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या ऑक्टोबरात सुरू झालं आणि आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकांकडे टीव्ही आला, संध्याकाळी त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. मी तेव्हा शाळेत. मराठी बातम्या द्यायला एक मुलगी बसायची, मोठं कुंकू, साडी, आणि आवाज जरा खालच्या पट्टीतला, घोगरा म्हणावा असा. आमची आई स्वैपाक टाकून ऐकायला यायची, आणि बातम्यांसाठी नाही बरं का, त्या मुलीसाठी. पुढे कळलं की ती जीन्समध्येच स्टुडिओत यायची आणि वरून साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची. तर माझं उत्तर विचाराल तर पहिलं म्हणजे आवाज. तुमच्याशी बोलतेय असं वाटायचं, वाचून दाखवतेय असं कधी नाही.

पुण्यात वाढलेली, राष्ट्र सेवा दलात गाणी-नाच-पथनाट्य करत फिरलेली पोरगी ती. वडील समाजवादी चळवळीतले, आई विद्याताई नर्स. अरुण खोपकरांनी फिल्म इन्स्टिट्यूटला डिप्लोमासाठी तीव्र मध्यम केला १९७४ ला त्यात ती होती, मग श्याम बेनेगलांनी चरणदास चोर मध्ये घेतली, मग निशांत, मग मंथन. मंथनचं तर तुम्हाला माहीतच असेल, गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये घालून काढलेला सिनेमा. त्याच्या शूटिंगची एक गोष्ट सांगतात ती मला फार आवडते. ती गावातल्या बायकांमध्ये तसल्याच कपड्यात भिंतीशी उकिडवी बसली होती, कॉलेजची पोरं शूटिंग बघायला आली नि विचारायला लागली हिरॉइन कुठाय, कुणीतरी बोट दाखवलं तर त्यांना पटेचना. म्हणे ही कसली हिरॉइन, ही तर इथलीच.

ताई, उकिडवं बसणं हे सोपं काम नाही हो. शहरातल्या नटीला तसं बसवा, दोन मिनिटांत कळतं की हिला सवय नाही. हिचं अंगच त्या त्या बाईचं होऊन जायचं, म्हणून मला वाटतं डोळे नंतर.

मंजिरी के:

काकांशी सहमत, पण मला भूमिकाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. जुन्या नटी हंसा वाडकरांचं आत्मचरित्र, सांगत्ये ऐका, वाचलंय का तुम्ही? आधी माणूस साप्ताहिकात आलं होतं, मग पुस्तक झालं. नसेल वाचलं तर आधी ते वाचा मग सिनेमा बघा, कारण त्या बाईने जे सोसलंय आणि ज्या सरळ भाषेत सांगितलंय त्याला तोड नाही, कुठेही स्वतःची कीव नाही. बेनेगलांनी त्यावरून भूमिका केला १९७७ ला. त्यातली उषा सोळा-सतराची पोर असते तिथपासून मुलीचं लग्न होऊन मुलगी गरोदर असल्याचं सांगते तिथपर्यंत, आणि हे सगळं करणारी स्मिता तेव्हा जेमतेम २१-२२ ची!! राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तिला त्यासाठी.

शेवटचा सीन सांगते (स्पॉयलर आहे, पण सिनेमा जुना आहे). हॉटेलची खोली, ती एकटी, मुलगी म्हणालेली असते माझ्याकडे राहायला ये आणि ही नाही म्हणते. फोन वाजतो, राजनचा असतो, म्हणजे अनंत नागचा. दुसरी कुणी असती तर रडली असती नाहीतर हसली असती, म्हणजे काहीतरी करून दाखवलं असतं. ही काहीच करत नाही. नवरा, प्रियकर, जमीनदार सगळ्यांना सोडून आलेली बाई कशी दमलेली असेल ते तिच्या नुसत्या खांद्यांवरून कळतं. मी कॉलेजात असताना पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं की अर्धवट संपवलाय. आता पंचेचाळीशीत परत बघितला तेव्हा कळलं की याच्यापुढे दाखवण्यासारखं काही नव्हतंच.

चक्र पण बघा, जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा, दुसरा राष्ट्रीय पुरस्कार त्याचा. झोपडपट्टीतली अम्मा. त्यातल्या नळावर आंघोळ करण्याच्या सीनचे मोठे मोठे पोस्टर लावले होते गावभर आणि ती त्यावर चिडली होती. बरोबरच होतं तिचं. झोपडपट्टीतली बाई उघड्यावर आंघोळ करते कारण तिला न्हाणीघर नसतं, बघणाऱ्यांसाठी करत नाही.

सह्यभटक्या:

जैत रे जैत कुणीच कसं नाही बोललं?? तापीकाठची ताई, पुढचा हाच. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, ना. धों. महानोरांची गाणी आणि हृदयनाथांचं संगीत. ठाकर आदिवासींची गोष्ट. नाग्या म्हणजे मोहन आगाशे, ढोल वाजवणारा, राणीमाशी त्याच्या डोळ्याला डसते आणि तो लिंगोबाच्या डोंगरावरची मधमाश्यांची पोळी उतरवायची शपथ घेतो. स्मिता म्हणजे चिंधी, नवऱ्याला सोडून आलेली, आणि तिला नाग्या आवडतो तर आवडतो, उगाच लाजणं मुरडणं नाही. मी रात टाकली मध्ये तिच्या अंगाला जी लय आहे ना ती नाच शिकलेल्या बाईची नाही, रोज डोंगर चढणाऱ्या बाईची आहे. मी ठाकरवाड्यांतून खूप हिंडलोय, डोक्यावर मोळी घेऊन उतारावरून येणाऱ्या बायका पाय कसे टाकतात ते मला माहितीये, आणि चिंधी तशीच चालते. हे शिकवून येत नाही, बघून बघून येतं.

बाकी मला एकच वाईट वाटतं, की नमक हलाल वगैरे करण्यात तिने वेळ घालवला. एकूण आयुष्य ३१ वर्षांचं, त्यात काम केलं १० ते १२ वर्षं, त्यातली काही वर्षं अशी पावसात भिजण्यात गेली. जिवाला लागतं ते.

जुना प्रेक्षक, गिरगाव:

सह्यभटक्या, तुझा जीव जळतो ते समजतं पण मला नाही पटत. आज रपट जाएं नंतर ती स्वतःच खूप रडली होती असं सांगतात, म्हणजे तिला ते सोपं गेलं नव्हतं. पण समांतर सिनेमा तेव्हा लागायचा कुठे? मॅटिनीला एक आठवडा, नाहीतर फिल्म सोसायटीत ४०-५० माणसं. तिने धंदेवाईक सिनेमा केला म्हणून गावोगावच्या थिएटरात तिचं नाव पोचलं आणि मग त्या नावावर इतर सिनेमे उभे राहिले असं मी तरी समजतो. शक्तीमधली रोमा बघ, दिलीपकुमार आणि अमिताभ समोर असताना पण ती उणी पडत नाही. १९८५ चा आखिर क्यों आठवतोय? नवऱ्याने फसवलेली निशा घर सोडते आणि पुढे लेखिका होते. आमच्या चाळीतल्या बायका सगळ्या मिळून गेल्या होत्या, आई पण, आणि परत आल्यावर जिन्यात उभ्या राहून रात्री उशिरापर्यंत बोलत होत्या. त्यातली एकही बाई अर्ध सत्य बघायला गेली नसती. त्या बायकांपर्यंत स्मिता पोचली ती असल्याच सिनेमातून, तो वेळ फुकट गेला असं मी तरी म्हणणार नाही.

आणि बाकीच्या भाषांत किती केलं ते पण बघ की. मृणाल सेनांच्या आकालेर संधाने मध्ये तर ती स्मिता म्हणूनच आहे, मुंबईहून आलेली नटी, १९४३ च्या दुष्काळावर सिनेमा करायला बंगालच्या खेड्यात आलेल्या युनिटबरोबर. केतन मेहतांचा गुजराती भवनी भवाई, अरविंदनचा मल्याळम चिदंबरम, आणि दूरदर्शनसाठी सत्यजित रायनी केलेली प्रेमचंदांची सद्गती. एवढं सगळं १० वर्षांत, आणि १९८५ ला पद्मश्री. आपण उगाच तिचा हिशोब मांडून तिला उणं करू नये रे.

सह्यभटक्या:

काका, जिन्यातल्या बायकांचं वाचून गप्प झालो. मागे घेतो ते वाक्य.

वॉर्ड नं ७:

मी इथे फारशी लिहीत नाही, नुसती वाचते. मी प्रसूती विभागात २६ वर्षं नोकरी केली. तिची आई नर्स होती म्हणून मला ती घरची वाटते, आणि म्हणूनच "अकाली एक्झिट" हा शब्द वाचला की राग येतो, कारण बाई कशाने गेली ते त्यात कुठेच येत नाही. मुलगा झाला २८ नोव्हेंबर १९८६ ला आणि ती गेली १३ डिसेंबरला. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीने. पंधरा दिवसांची बाळंतीण होती ती. बाळ झालं की घरात सगळे बाळाभोवती जमतात, बाळंतिणीला कणकण आली तर म्हणतात दूध भरलं असेल, थकवा असेल, होईल बरं. मी किती घरांत हे बघितलंय त्याला गणती नाही. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत ताप आला, पोटात दुखायला लागलं, अंगावरून जाणाऱ्याला वास येतोय किंवा ते एकदम वाढलंय, बाई बरळल्यासारखं करतेय, की त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. इथे वाचणाऱ्या लेकीसुनांनी एवढं लक्षात ठेवा.

मी तिचा मिर्च मसाला बघितला तो ती गेल्यानंतर आला तेव्हा. थिएटरात बायका रडत होत्या आणि तो सिनेमा तर रडायचा नाहीच मुळी. मुलींनो बघाच.

तापीकाठची:

सगळ्यांचे खूप आभार, काय काय लिहिलंत तुम्ही. काका, तुमचं "उकिडवं बसणं" तर डोक्यातून जातच नाहीये. आणि वॉर्ड नं ७ ताई, तुमची पोस्ट मी माझ्या भावजयीला पाठवली, तिला पुढच्या महिन्याची तारीख दिलीये.

शनिवारी जैत रे जैत बघितला आणि रविवारी मिर्च मसाला, आई आली होती म्हणून दोघींनी मिळून. त्यातला सुरुवातीचाच सीन बघा परत कुणाला जमलं तर. बायका नदीवर पाणी भरत असतात, सुभेदार घोडे घेऊन येतो तशा सगळ्या पळतात, ही एकटी थांबते आणि त्याला ऐकवते की जनावरांची जागा तिकडे, माणसं इथे पितात. मग तो खाली बसून ओंजळ धरतो आणि सोनबाई वरून घड्याने पाणी घालते. मी तो सीन तीनदा मागे नेला. नसीरुद्दीन शाह तिच्याकडे टक लावून बघतोय, ती घाबरलेली आहे हे दिसतंय, पण घडा धरलेले हात हलत नाहीत, धार एकसारखी पडते. आई म्हणाली, "पाणी घालणाऱ्या बाईला माहीत असतं घडा कुठे धरायचा." आईने स्वतः लग्नानंतर सहा-सात वर्षं विहिरीवरून पाणी आणलंय, तिला ते पहिल्याच सेकंदाला दिसलं आणि मला तिसऱ्यांदा बघून. माझ्यापुरतं उत्तर मिळालं, हात.

मग आईने आजीला फोन लावला. आजी ८७ ची, ऐकू कमी येतं, तिला ओरडून सांगितलं की तुझ्या स्मिताचा सिनेमा बघतोय तर तिने आधी विचारलं जेवल्या का, आणि मग म्हणाली तिचा तो डोंगराचा बघा, त्यात ती आपल्या मजुरणीसारखी दिसते.

आता सांगत्ये ऐका मागवलंय, ते वाचून झालं की भूमिका. काका, आकालेर संधाने सबटायटलसकट कुठे मिळेल, माहिती असेल तर सांगा, आईला पण बघायचाय.