अनुभव धागा: बाइटचा क्रम आणि कर्नेलचा कोड

कर्नेल, ड्रायव्हर, बूटलोडर यांत हात घालणाऱ्या प्रत्येकाची कधी ना कधी एन्डियनशी, म्हणजे आकड्यातले बाइट कोणत्या क्रमाने मांडायचे याच्याशी, गाठ पडतेच. हेक्समधला १२३४५६७८ हा आकडा एक्स८६ (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) मेमरीत ७८ पासून मांडतो (लिटल एन्डियन), एस३९०एक्स (आयबीएमचे मेनफ्रेम) १२ पासून (बिग एन्डियन). प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये असेपर्यंत दोघांत काही फरक नाही. आकडा डिस्कवर, तारेवर किंवा दुसऱ्या चिपकडे निघाला की खरा घोळ. तुम्हाला तो कुठे भेटला आणि कसा निस्तरलात, सविस्तर लिहा.

नेटवर्कवाला: पोर्ट ८० ऐवजी सर्व्हर २०४८० वर ऐकताना दिसला तर एचटॉन्स (आकडा नेटवर्कच्या बिग एन्डियन क्रमात आणणारं फंक्शन) राहिलंय, दुसरं काही शोधू नका. ८० म्हणजे हेक्समध्ये ००५०, उलटलं की ५०००. दोन्ही टोकांना एक्स८६ असेल तर दोन्हीकडच्या चुका एकमेकींना झाकतात, म्हणून हा बग फार उशिरा सापडतो.

ड्रायव्हरवाली: पॉवरपीसीच्या बिग एन्डियन बोर्डावर एक पीसीआय ड्रायव्हर चालवायचा होता. लिनक्सचं रीडएल हे डिव्हाइसचं रजिस्टर वाचणारं फंक्शन, ते रजिस्टर लिटल एन्डियन धरतं आणि अशा मशीनवर बाइट स्वतःच उलटवून देतं. जुन्या कोडमध्ये त्यावर आणखी एकदा एलई३२_टू_सीपीयू (लिटल एन्डियन आकडा प्रोसेसरच्या क्रमात आणणारं) लावलेलं. एक्स८६ वर ते काहीच करत नाही, त्यामुळे कुणाला पत्ताच नव्हता. इथे मात्र स्टेटसचा शून्यावा बिट चोविसाव्या जागी जाऊन बसला आणि ड्रायव्हर ‘रेडी’ची वाट बघत राहिला. तो जादा कॉल काढला, कार्ड बोलू लागलं. पण मग डीएमए (कार्डाने थेट मेमरीत वाचणं-लिहिणं) अडलं! डिस्क्रिप्टर (कार्डाला काय करायचं ते सांगणाऱ्या नोंदी) साध्या मेमरीत असतात, तिथे रीडएल मध्ये येत नाही, रूपांतर आपल्यालाच करावं लागतं. शेवटी डिस्क्रिप्टरच्या स्ट्रक्चरमधले सगळे यू३२ (साधा ३२ बिटी टाइप) बदलून __एलई३२ (लिटल एन्डियन ३२ बिटी टाइप) केले आणि स्पार्स (कर्नेलचा कोड तपासणारं टूल) चालवलं. राहिलेल्या जागा त्याने ओळीनिशी दाखवल्या. मला विचाराल तर क्रम टाइपमध्येच लिहिलेला हवा, कॉमेंटमध्ये लिहून भागत नाही.

फाइलसिस्टमवाला: +१. ईएक्सटी४चा हेक्स डंप वाचताना हे पक्कं लक्षात ठेवा: सुपरब्लॉकचा (फाइलसिस्टमची मुख्य माहिती असलेला भाग) मॅजिक, म्हणजे ओळखीचा ठरावीक आकडा, ईएफ५३ डिस्कवर ‘५३ ईएफ’ असा दिसतो, पण त्याच फाइलसिस्टमच्या जर्नलचा (बदलांची आधी नोंद ठेवणारा भाग) मॅजिक सरळ ‘सी० ३बी ३९ ९८’. मेटाडेटा लिटल, जर्नल बिग. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टम उघडलंत तर मेटाडेटाही बिग.

बूटलोडरवाला: आमच्याकडे डिव्हाइस ट्री, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन. त्याचा ब्लॉब (बायनरी रूप) कायम बिग एन्डियन, प्रोसेसर कुठलाही असो. मी पॉइंटर कास्ट करतच नाही, एकेक बाइट घेऊन शिफ्टने जोडतो. अलाइनमेंटचीही (आकडा मेमरीत योग्य पटीच्या पत्त्यावर असण्याची) काळजी मिटते, आणि जीसीसी कंपायलर बहुतेकदा त्याची एकच लोड सूचना करून टाकतो.

ड्रायव्हरवाली: @बूटलोडरवाला, मेमरीसाठी चालेल, पण डिव्हाइस रजिस्टरवर असं करू नका. काही रजिस्टरं वाचली की आपोआप पुसली जातात. तिथे पूर्ण ३२ बिट एकदमच वाचायचे.